कोकोतला चाप

सिप्रियानला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून सोतेराचे कान वरच्या कोकोच्या रानाकडे लागले होते.

ती त्याला पुसायची, त्याची कूस बदलायची, मक्याची पेज चमच्यानं तोंडात घालायची, आणि हे सगळं करताना तिचं अर्धं लक्ष दाराबाहेर असायचं. डोंगरात एखादी वाळकी फांदी मोडली तरी चमचा हवेत थांबायचा. मग पोपटांचा कालवा ऐकू यायचा आणि तिला कळायचं, हा तो आवाज नव्हे.

तिची लेक इदालिया म्हणायची, "आई, कशाला एवढी दचकतेस? बाबांना आता उतार पडतोय."

"दचकते कुठं. वारा आला."

वारा नसायचा. जानेवारी लागला होता, पाऊस सरला होता, आणि कोकोवर सावली धरणारे पांगारे पानं झाडून लाल झाले होते.

त्या हंगामात चोरी सुरू झाली ती नोव्हेंबरातल्या सगळ्या संतांच्या सणापासून. कोणीतरी झऱ्याच्या बाजूनं आत शिरायचं, पिकलेली फळं काढायचं, तिथंच फोडायचं आणि ओल्या बिया पोत्यात भरून न्यायचं. मागं टरफलं तेवढी राहायची. चोरी आमच्या खोऱ्यात नवी नव्हती. पण हा चोर फळ कापत नव्हता, ओरबाडत होता. फळ निघताना खोडावरचा डोळा सोलून यायचा. जिथला डोळा गेला तिथं पुन्हा फूल नाही, फळ नाही. सिप्रियान त्या जखमांवर तळवा ठेवून उभा राहायचा. म्हणायचा, "नेलं ते नेलं. झाडं कशाला आंधळी केली?"

मग एका शनिवारी रमच्या दुकानात तो सगळ्यांच्या देखत बोलला. चोराला माझं रान स्वतःच्या रानासारखं ठाऊक आहे, म्हणाला, आणि बोनिफासकडे बघितलं.

बोनिफासचं रान झऱ्याच्या पलीकडं. दोघं एका वयाचे, एका नदीत पोहायला शिकलेले. इदालियाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता म्हणून तिला हातावर घेऊन बोनिफासच उभा होता. त्यानं ग्लास फळीवर ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला. नाताळात गाणारी मंडळी दारोदार आली तेव्हा सिप्रियानच्या दारातही आली, पण बोनिफास फाटकाबाहेर रस्त्यावरच थांबला. त्याचं चौतारी वाद्य सगळ्या गाण्यांत बाहेरून वाजत राहिलं.

त्यानंतर सिप्रियान शेडमध्ये बसायला लागला. लोखंडी नळीचा तुकडा, दाराची जुनी स्प्रिंग, कानसून टोकदार केलेला खिळा. सोतेरानं विचारलं तेव्हा त्यानं मान वर केली नाही.

"मी सांगेपर्यंत वर जायचं नाही. तू नाही आणि पोरगीही नाही."

"काय लावतोयस?"

"चाप."

सोतेराचा बाप शिकारी होता. चाप तिला माहीत होता. नळीत काडतूस, वाटेवर आडवी दोरी. हरणाचा पाय दोरीला लागला की नळी उडते. वरच्या वस्तीतल्या एका माणसाची नडगी अशीच गेली होती, आणि ज्यानं चाप लावला होता तो तुरुंगातून म्हातारा होऊन बाहेर आला.

"कुणाचा तरी जीव जाईल, सिप्रियान."

"जिथं जायला नको तिथं जो जाईल, त्याचा जाईल."

त्याच आठवड्यात बिया वाळवायच्या घराचं सरकतं छप्पर ढकलताना तो तिथंच कोसळला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. इदालियाची किंकाळी झऱ्यापलीकडं पोचली आणि धावत आला तो बोनिफासच. त्यानं सिप्रियानला पाठीवर घेतलं आणि खालच्या रस्त्यापर्यंत नेलं. सिप्रियानच्या तोंडातली लाळ बोनिफासच्या मानेवरून शर्टात उतरत होती. मागून सोतेरा चालत होती, नवऱ्याचे बूट हातात घेऊन. सगळा उतार तिच्या डोक्यात एकच होतं: त्यानं दोरी कुठं बांधली हे मला माहीत नाही.

सिप्रियान घरी आल्यावर थोड्या दिवसांनी बोनिफास अंगणात येऊन उभा राहिला. आत आला नाही. टोपी काढून हातात धरली.

"वहिनी, वरची फळं पिवळी झालीत. रस्त्यावरून दिसतात. काही तर काळी पडायला लागलीत."

"दिसतात मलाही."

"सोमवारी इर्जिक घालतो. सगळ्यांना सांगून आलोय. रुपेर्ता आजीसुद्धा येते म्हणाली, म्हणजे बघ."

"नको." ती एवढ्या चटकन बोलली की तिचं तिलाच ऐकू आलं. "राहू दे. आम्ही दोघी काढू."

"दोघी? डोंगरभर कोको? वहिनी, तो माझ्याशी बोलत नाही म्हणून म्हणतेस का? आता तर तो कुणाशीच बोलत नाही." तो हसायला गेला आणि मधेच थांबला. "माझं-त्याचं जे असेल ते असेल. झाडांनी काय केलंय?"

शब्द तिच्या दातांपर्यंत आला होता. पण तो बाहेर पडला की पुढचं सगळं पडणार होतं: कुणी लावला, कुणासाठी लावला, पोलीस, आणि खाटेवरच्या अर्ध्या माणसाला उचलून जीपमध्ये घालणं.

"मंगळवारी ये," ती म्हणाली. "माणसं यायची तर रांधायला वेळ पाहिजे मला."

तो गेल्यावर ती खाटेपाशी बसली. इदालिया ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. सोतेरानं नवऱ्याचा डावा हात हातात घेतला.

"ऐक. चाप कुठं लावलास? मी जागा सांगते. बरोबर असली की हात दाब."

त्याचे डोळे तिच्यावर खिळले.

"खालच्या बांधाला?"

हात सैलच राहिला.

"लिंबापाशी? झऱ्याच्या वाटेला?"

त्यानं हात दाबला. इतका की तिची बोटं दुखली.

"झऱ्याच्या वाटेला. खडकाच्या अलीकडं?"

पुन्हा दाबला. मग त्याच्या घशातून आवाज यायला लागला, ब, ब, असा, आणि मान उशीवर हलायला लागली. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "कळलं मला. कळलं. गप राहा आता." आणि ती उठली.

सकाळी दव असतानाच ती वर गेली. खांद्यावर फळं काढायची लांब बांबूची आकडी, कमरेला सुरी. कोकोच्या रानात जमीन दिसत नाही. पानांचा थर घोट्यापर्यंत असतो, एकावर एक, तपकिरी. त्यात दोरी काय, आख्खा साप पडला तरी दिसायचा नाही. ती आकडीचं टोक पुढं धरून, आंधळ्यानं काठी फिरवावी तसं, गुडघ्याच्या उंचीला फिरवत निघाली. चार पावलं टाकायची, थांबायची, ऐकायची. तळहाताला एवढा घाम आला की बांबू निसटायला लागला. पानांवरून सरडा पळाला तर ती आकडी आवळून थबकली.

खडक दिसला. टोक खालून फिरलं, कशालाच लागलं नाही. ती पुढं पाऊल टाकणार, तेवढ्यात तिच्यासमोर हातभर अंतरावर दवाचे थेंब ओळीनं चमकले. मधे काहीच नाही, आणि थेंब हवेत उभे.

मासे धरायची बारीक तंगूस होती ती. गुडघ्याला नाही, छातीला.

ती हळूच मागं सरली, मग नजरेनं तंगूस धरून गेली. नळी कोकोच्या खोडाला बांधलेली, तोंड झऱ्याकडं. वरून केळीचं पान गुंडाळलेलं, आत पाणी जाऊ नये म्हणून. गाठी एकसारख्या, नीट. घराच्या दाराला कडीसुद्धा त्यानं इतक्या निगुतीनं बसवली नव्हती.

हरणाची छाती एवढ्या उंचीवर नसते.

ती मागच्या बाजूनं वळसा घालून गेली. बाप करायचा तसा खिळा अंगठ्यानं दाबून धरला, सुरीनं तंगूस कापली, काडतूस काढलं. नळी झऱ्याच्या डोहात टाकली. काडतूस चिखलात टाचेनं दाबून दाबून पुरलं. मग ओंजळीनं पाणी प्यायली. घरी येऊन तिनं कसाव्याचे कंद किसायला घेतले आणि इदालियाला म्हणाली, "उद्या माणसं येणार. मोठं भांडं घास."

मंगळवारी रान भरलं. बोनिफास, त्याची बायको निकासिया, खालच्या वस्तीतली माणसं, आणि सगळ्यांच्या आधी रुपेर्ता आजी, हातात कोयता घेऊन. पुरुषांनी आकड्या वर केल्या. पात्यानं देठ कापला जायचा, फळ धप्पदिशी पानांत पडायचं. बायका कोयत्याच्या टोकावर फळ उचलून ढिगात फेकत होत्या.

"बोनिफास," रुपेर्ता आजी ओरडली, "फळ माझ्या डोक्यात पाडतोस का? आधीच डोकं कमी आहे."

"डोकं वाचेल आजी, फळ फुटेल."

"तुझ्या बायकोनं लग्नात हेच तोंड बघितलं का रे?"

"तेव्हा तोंड बंद होतं त्याचं," निकासिया म्हणाली, आणि सगळी बाई-माणसं हसली.

सोतेराही हसली. कित्येक दिवसांनी श्वास तिच्या पोटापर्यंत गेला. ऊन माथ्यावर आलं तशी ती जेवण आणायला खाली उतरली. खाऱ्या माशाचा रस्सा, उकडलेली केळी, कसाव्याच्या भाकरी, सगळं तयार होतं. इदालिया भांड्याला फडकं बांधत होती. सोतेरा नवऱ्यापाशी गेली आणि कानाशी वाकली.

"ऐकू येतंय का? माणसं आलीत. बोनिफास तुझी फळं काढतोय. घाबरू नकोस. ते मी काल काढून टाकलं. डोहात टाकलं."

तिला वाटलं तो शांत होईल. त्याचे डोळे मोठे झाले. डावा हात अंथरुणातून वर आला आणि दोन बोटं उभी राहिली.

"काय? पाणी?"

त्यानं मूठ खाटेवर आपटली आणि पुन्हा दोन बोटं वर केली. बोटं ताठ होती.

सोतेरानं ती बोटं धरली. तिनं जागा विचारली होती. किती, हे विचारलंच नव्हतं.

"दोन लावलेस?"

डोळे मिटले, उघडले.

"दुसरा कुठं? खालच्या वाटेला? बांधाच्या टोकाला? मोठ्या पांगाऱ्याशी?"

त्यानं तिचा हात दाबला.

इदालिया मागून हाक मारत राहिली, "आई, अगं भांडं," पण ती पळत सुटली होती. चढावर चप्पल कुठंतरी राहिली. कान पुढं धावत होते. माणसांचे आवाज आता वर सरकले होते. खालचा पट्टा संपवून माणसं वर लागली होती.

"थांबा. कुणी हलू नका. आहात तिथं थांबा."

धप्पधप्प थांबलं.

"साप आहे का गं?" रुपेर्ता आजीनं विचारलं.

"साप नाही. चाप आहे. बंदुकीचा."

एकीच्या कोयत्याच्या टोकावर फळ तसंच राहिलं. एक पाय उचललेला माणूस तो पाय खाली ठेवायलाही धजेना. कुणी लावला, असं कुणीच विचारलं नाही. रान कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

वरून बोनिफासचा आवाज आला. "कुठं आहे, वहिनी?"

"मोठ्या पांगाऱ्याशी."

तो म्हणाला, "मी पांगाऱ्याशीच उभा आहे."

निकासियाच्या तोंडून बारीक आवाज निघाला. सोतेरा सगळ्यांना म्हणाली, "पानं तुडवलेली दिसतात ना, त्यावरूनच मागं फिरा. झाडांना हात लावू नका. आजी, तू पुढं हो." माणसं एकेक करून, एकमेकांचे खांदे धरून, खाली सरकली. निकासिया हलली नाही.

सोतेरानं कुणाचीतरी पडलेली आकडी उचलली.

"तू वर येऊ नकोस," बोनिफास म्हणाला. "आलो तसा मागं येतो मी."

"फळं बघत फिरलायस तू. कुठून आलास आठवतं?"

त्यानं मागं बघितलं. सगळीकडं सारखीच पानं होती आणि त्यावर पांगाऱ्याची लाल फुलं पडलेली.

"नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

ती चढायला लागली. आकडी उभी धरली, सरळ, म्हणजे वरही लागेल आणि खालीही. बांबू समोर डावीकडून उजवीकडे न्यायचा, मग पाऊल. उन्हात तंगूस दिसत नव्हती. दव कधीच वाळलं होतं.

"वहिनी, हा कुणासाठी लावला त्यानं?"

"चोरासाठी."

"चोर तो मला समजतो."

तिनं बांबू फिरवला, पाऊल टाकलं.

"आणि तू?"

"मला माहीत नाही, बोनिफास." खोटं बोलायला तिची जीभ उचलत नव्हती. "तूच सांग. तू नेलीस का फळं?"

"नेली असती तर हे चाललं असतं?"

तिचे हात फिरत होते, आणि रान फुटलं.

बांबू हातातून उडून गेला. तिच्या कानात नुसती शीळ राहिली. डोंगरभरचे पोपट एकदम उठले. छर्रे तिरके जाऊन एका कोकोच्या खोडात घुसले होते. त्यावरची तीन-चार फळं फुटली होती आणि गर उडाला होता. धूर हलला तेव्हा तिला बोनिफास दिसला. तो छातीवर हात ठेवून उभा होता. त्यानं हात काढला आणि तळव्याकडं बघत राहिला. तळवा ओला होता. पण पांढरा. कोकोचा गर होता तो.

सोतेरा खाली बसली. घागरा ओला झालाय हे तिला नंतर कळलं. तिनं पानं ओढून घेतली, पण त्यानं बघितलं होतं. त्यानं तोंड फिरवलं.

मग तो नळीपाशी गेला. नळीचं तोंड जिकडं होतं तिकडं उभा राहिला. तळहात आडवा करून त्या उंचीवर धरला आणि तसाच सरळ स्वतःच्या अंगाशी आणला. हात बरोबर बरगड्यांवर टेकला.

"बोनिफास," ती म्हणाली.

त्यानं येऊन तिला हात दिला आणि उभं केलं. मग तो आकडी तिथंच टाकून झऱ्याच्या बाजूनं उतरून गेला. निकासिया मागून निघाली. सोतेराजवळून जाताना ती थांबली.

"पाठीवरून नेलं होतं त्यानं तुझ्या नवऱ्याला," ती म्हणाली. एवढंच.

बाकीची माणसं केव्हा गेली ते दिसलं नाही. फळांचे ढीग तसेच पडले होते.

इदालिया दारात उभी होती, पांढरीफटक. "आवाज आला आई. बाबा तेव्हापासून..."

"माहीत आहे."

सोतेरा मागच्या दारी गेली. पाय धुतले. घागरा बदलला, ओला पिळून वळणीवर टाकला. मग आत येऊन खाटेवर बसली. सिप्रियानचे डोळे तिच्या तोंडावरून हलत नव्हते. निम्मा चेहरा मेलेला आणि निम्म्यात सगळी भीती गोळा झालेली.

"बो," तो म्हणाला. "बो. बो."

तिनं पेजेचं वाडगं घेतलं. "तोंड उघड."

"बो."

"आधी गिळ."

त्यानं गिळलं. तिनं दुसरा चमचा भरला. घाई केली नाही. तिला तिचा प्रत्येक दिवस आठवत होता, दाराकडं कान लावून काढलेला, आणि तिला वाटत होतं, एवढं वाडगं संपेपर्यंत तरी त्याला कळू दे ते काय असतं. इदालिया दारातून म्हणाली, "आई, सांग ना त्यांना." ती चमचा भरत राहिली. वाडगं संपलं.

"बोनिफास जिवंत आहे," ती म्हणाली. "आपल्या पायांनी घरी गेला."

सिप्रियान रडायला लागला. अर्ध्या तोंडातून येणारं ते रडणं ऐकवत नव्हतं. ती उठली नाही, जवळही सरकली नाही. रडणं थांबल्यावर म्हणाली, "उद्या तू त्याच्या दारात जायचंस. चालता येत नाही ते मला माहीत आहे. तरी जायचं."

दुसऱ्या दिवशी मायलेकींनी त्याला खुर्चीला बांधलं, खुर्चीच्या पायांना दोन बांबू लावले आणि उचललं. झऱ्याच्या वाटेनंच नेलं. थोडं चालायचं, खुर्ची टेकवायची, हाताचे फोड बघायचे, पुन्हा उचलायची. पाण्यातून जाताना सोतेराचा पाय घसरला आणि सिप्रियान कमरेपर्यंत भिजला. त्यानं आवाज काढला नाही.

बोनिफासचं दार बंद होतं. त्यांनी खुर्ची अंगणात ठेवली आणि दोघी जमिनीवर बसल्या. हाक मारली नाही. निकासिया बाहेर आली, दोरीवरचे कपडे काढले, त्यांच्याकडं न बघता आत गेली. त्या कपड्यांत गराचे डाग पडलेला शर्ट होता. कोंबड्या खुर्चीच्या पायांशी टोचत फिरत होत्या. सावली सरकत गेली आणि ऊन सिप्रियानच्या तोंडावर आलं. तो डोळे मिचकावत होता, बाजूला सरकता येत नव्हतं. इदालिया उठायला लागली तर सोतेरानं तिला धरून बसवलं.

दार उघडलं. बोनिफास बाहेर आला. त्यानं सिप्रियानकडं बघितलं आणि सिप्रियाननं त्याच्याकडं. सिप्रियानचा डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि पुन्हा खाली पडला.

बोनिफासनं खुर्ची पाठीमागून धरली, मागं झुकवली आणि ओढत नेऊन आंब्याच्या सावलीत ठेवली. खुर्ची डगमगत नाही ना ते हलवून बघितलं. मग आत गेला आणि दार लावून घेतलं.